लिहून घेणे, लिहून देणे : भाषांतरातील क्रियापदांचा प्रश्न

भाषांतराच्या चर्चेत वाक्प्रचारांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच भूमिका ऐकू येतात. इंग्रजी वाक्प्रचाराला तोलामोलाचा मराठी वाक्प्रचार शोधावा, ही एक. इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः उचलल्याने मराठी भ्रष्ट होते, तेव्हा ते दाराबाहेरच ठेवावेत, ही दुसरी. पहिली भूमिका भाषांतरकाराला कोशकार समजते, दुसरी पहारेकरी. या दोन्ही भूमिका चुकीच्या जागी उभ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीची खरी हानी वाक्प्रचारांत होत नसून क्रियापदांत होत आहे, आणि ती करणारे पुष्कळदा मराठीचे अध्यापकच आहेत.

वाक्प्रचारांचा प्रश्न समजला जातो तितका बिकट नाही. इंग्रजीत कुत्री-मांजरे पडतात, स्पॅनिशमध्ये पाऊस घागरींनी ओततो, मराठीत तो मुसळधार कोसळतो. तीन भाषांनी तीन प्रतिमा वापरल्या. भाषांतरकाराने आपल्या भाषेतील प्रतिमा घेतली की काम झाले. जिथे अशी जोडी मिळत नाही तिथे उसनवारी होते, आणि तिचे एवढे भय बाळगण्याचे कारण नाही. 'प्रकाश टाकणे', 'भूमिका बजावणे', 'हिमनगाचे टोक' हे इंग्रजीच्या सावलीतले प्रयोग आज शुद्धतेचे अभिमानीही निःशंकपणे करतात. त्याआधी फारसीच्या सहवासात मराठी 'गम खायला' शिकलीच होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रायगडाच्या राज्यव्यवहारासाठी सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी नामांना संस्कृत पर्याय दिले. तो राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश होता आणि ते त्याचे उचित कार्य होते. पण शुद्धीचा आपला पुढील सारा विचार नामांभोवतीच फिरत राहिला. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रूढ झालेले 'महापौर', 'दिग्दर्शक' हे शब्दही नामेच आहेत. पहारा नामांवर बसला; क्रियापदांकडे कोणी पाहिले नाही.

आता 'गिव्ह अप', 'राइट डाउन', 'ईट अप' या जातीची इंग्रजी क्रियापदे घ्यावीत. मूळ क्रिया साधी असते. तिच्यामागे लागलेले 'अप', 'डाउन', 'आउट' यांसारखे अव्यय तिची दिशा, पूर्तता किंवा वृत्ती सांगते, आणि काही वेळा तर अर्थच पालटते. स्पॅनिशमध्ये असे अव्यय नाही. म्हणून 'ईट अप'मधील फस्त करण्याची छटा ती भाषा क्रियापदाला आत्मवाचक 'से' जोडून, 'कोमेर'चे 'कोमेर्से' करून, आणू शकते. मराठी त्याच ठिकाणी 'खाऊन टाकणे' म्हणते. गतीच्या क्रियांतही हेच दिसते. इंग्रज 'पोहतो' हे क्रियापदात सांगतो आणि 'पलीकडे' हे अव्ययात. स्पॅनिश माणूस नदी 'ओलांडतो', आणि ती पोहून ओलांडली हे मागाहून सांगतो. मराठी माणूसही 'पोहून पलीकडे जातो'. लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये भाषांच्या या दोन प्रवृत्तींची जी मांडणी केली, तिच्यात मराठीची जागा इंग्रजीच्या नव्हे, स्पॅनिशच्या पंक्तीला आहे. तेव्हा इंग्रजी अव्ययाला मराठी शब्द शोधत बसणे हा मुळातच चुकलेला उद्योग होय. त्या अव्ययाचे कार्य मराठीत ऊन-रूपापुढे येणारे दुसरे क्रियापद करते. आपले व्याकरणकार ज्याच्या स्वरूपाविषयी दीर्घकाळ वाद घालीत आले, ते हे संयुक्त क्रियापद.

'राइट डाउन' हे एकच उदाहरण पुरेसे आहे. मराठीत आपण पत्ता लिहून घेतो, पुढे उपयोगी पडावे म्हणून हिशेब लिहून ठेवतो, दुसऱ्याला हमी लिहून देतो, कंटाळवाणा मजकूर चिकाटीने लिहून काढतो आणि डोक्यावरचे ओझे उतरावे म्हणून अहवाल एकदाचा लिहून टाकतो. लेखन कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या मनःस्थितीत झाले, हे घेणे, ठेवणे, देणे, काढणे, टाकणे ही पाच क्रियापदे सांगतात. इंग्रजी वाक्य हे सांगत नाही. ते संदर्भातून ताडून भाषांतरकाराला निवड करावी लागते. भाषांतर म्हणतात ते या निवडीलाच. आपला भाषांतरकार मात्र 'नोंद केली' असे लिहून मोकळा होतो.

ही सवय लावतो कोण? काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या भाषांतराच्या उत्तरपत्रिका पाहताना एक वाक्य समोर आले. एका कोळ्याने आपली बोट 'सोल्ड ऑफ' केली आणि मासेमारी 'गेव्ह अप' केली, असा मूळ मजकूर होता. आमच्या किनाऱ्यावरच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते : 'त्याने होडी विकून टाकली आणि मासेमारी सोडून दिली.' आदर्श उत्तर असे होते : 'त्याने नौकेची विक्री केली व मासेमारीचा परित्याग केला.' विद्यार्थ्याचे निम्मे गुण गेले होते आणि समासात 'बोलीचा प्रभाव' असा शेरा होता. 'विकून टाकली' यात परतीचा दोर कापल्याची जी जाणीव आहे, ती 'विक्री केली' यात कुठे आहे? 'परित्याग' तर संन्याशाने करावा. विद्यार्थ्याला इंग्रजीतील 'ऑफ' आणि 'अप' नेमके कळले होते. आदर्श उत्तर सिद्ध करणाऱ्याला ते कळले नव्हते.

यावर असा आक्षेप येतो की संयुक्त क्रियापदे घरगुती असतात, प्रौढ गद्याला नाम आणि 'करणे' हाच प्रकार शोभतो. परिभाषेपुरते हे मान्य करता येईल. शास्त्रीय संज्ञा नामरूपच असणार. पण प्रौढतेचा दावा टिकत नाही. खरेदीखताइतका रूक्ष आणि औपचारिक मराठी मजकूर क्वचितच असेल. त्यात पक्षकारांचे निर्देश 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' असेच असतात. अलिबाग-मुरूडच्या बाजूला जमिनींचे जे व्यवहार होतात, त्यांतील कोण मालक झाला आणि कोण भूमिहीन, हे या दोन सहायक क्रियापदांवर उभे असते. जी रचना कायद्याचा भार पेलते, ती कथा-कादंबरीच्या भाषांतराला हलकी कशी ठरावी?

भाषासंपर्कात क्रियापदाचे मोल किती, याची साक्ष याच किनाऱ्यावर आहे. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर असलेल्या कोर्लईत ख्रिस्ती समाजाची 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', आजही बोलली जाते. ती पोर्तुगीजोद्भव आहे. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले आणि भाषा मराठीच्या शेजारात उरली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तिचा साद्यंत अभ्यास मांडला आहे. या भाषेत क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकले. एवढेच नव्हे, तर पोर्तुगीज वारशाच्या तीन क्रियापदवर्गांच्या जोडीला मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी चौथा, उकारान्त वर्ग तयार झाला. एका गावाच्या भाषेने परक्या क्रियापदांना आपल्या व्याकरणात हक्काचे घर बांधून दिले. कोट्यवधींची भाषा शिकवणारे आपण मात्र स्वतःच्या क्रियापदांना परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ओसरीही देत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेतून वाक्प्रचारांच्या जोड्या लावण्याचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी एकच इंग्रजी वाक्य तीन निरनिराळ्या संदर्भांत द्यावे, आणि त्या त्या ठिकाणी कोणते सहायक क्रियापद का निवडले, याचे स्पष्टीकरण मागावे. 'सोडून दिली' लिहिणाऱ्याचे गुण कापण्यापूर्वी परीक्षकाने तेच स्पष्टीकरण स्वतः एकदा लिहून पाहावे.