हळदीचा दावा अणूपर्यंत तपासा

नाशिकच्या पंचवटीत हळद-कुंकवाचे ढीग आणि जडीबुटीची दुकानं काही नवी नाहीत. आता हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या गोळ्याही औषधांच्या दुकानांत सहज मिळतात, आणि हळद खाल्ली की म्हातारपणी विसर पडत नाही, हे लोक एकमेकांना छातीठोकपणे सांगतात.

त्यावर विश्वास ठेवण्याआधी किंवा तो उडवून लावण्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम पाहायला हवं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे तंतू साचतात. ते विरघळत नाहीत, त्यांचे धड स्फटिकही होत नाहीत. म्हणून त्यांची रचना पाहायला घन-अवस्था एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणारं तंत्र, लागतं. काही मिलिग्रॅम नमुना बोटाच्या पेरापेक्षाही बारीक सिरॅमिक नळीत ठासून भरतात, ती नळी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत तिरकी ठेवतात आणि सेकंदाला हजारो फेरे अशी गरगर फिरवतात. एरवी एकमेकांत मिसळून जाणारे अणूंचे संकेत त्यामुळे सुटे होतात. प्रथिनात कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ आधीच घातलेले असले, की कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे तेही उलगडतं.

टाटा संस्थेतल्या पी. के. मधू, सुदीप्त मैती आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याच तंत्राने कर्क्युमिनचा परिणाम तपासला. त्यांनी अभ्यासलेल्या अमायलॉइड बीटाच्या साखळीत ४२ अमिनो आम्लं असतात. त्यातलं २३वं आणि २८वं जिथे विद्युतभारामुळे एकमेकांना धरून असतात, ते वळणच कर्क्युमिनने बदललं. तंतूंची मोडतोड सूक्ष्मदर्शकातही दिसली. याच गटाला २०११ मध्ये जस्तामुळेही तिथली पकड सुटलेली आढळली होती.

हे झालं प्रयोगशाळेतलं. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना कर्क्युमिनचा गुण आला नाही. रक्तात ते पोचलंच अगदी कमी. तेव्हा वेष्टनावर स्मरणशक्तीची हमी छापणं ही रुग्णाच्या घरच्यांची फसवणूक आहे.

असे दावे तपासणारे लोक तयार करायचे तर सुरुवात जवळूनच करता येईल: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय पंचवटीजवळच, म्हसरूळला आहे. राज्यातली आयुर्वेद महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचं शास्त्र, शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुंबईच्या टाटा संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा यंत्रांवर काम करायला पाठवण्याची सोय विद्यापीठाने करावी, त्यासाठी शासनाने पैसा द्यावा. पहिला प्रश्न तयारच आहे: यकृतातून गेल्यावर कर्क्युमिनचं जे रूप उरतं, तेही तंतूच्या त्याच वळणावर परिणाम करतं का?