मोठा टीव्ही घ्या, पण उंचावर टांगू नका

"डॉक्टर, ६५ इंची टीव्ही घेतोय. डोळ्यांना त्रास नाही ना होणार?" दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. नाही होणार! उलट तोच सिनेमा मोबाईलवर बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मोबाईल आपण फूटभरावर धरतो, त्यामुळे डोळ्याच्या आतला स्नायू सतत आवळलेला राहतो. दहा फुटांवरच्या पडद्यासाठी त्याला त्याच्या दहावा हिस्साच ताण पडतो. (म्हणून मुलांना दिवसभर टीव्हीसमोर बसवायचं नाही. चष्म्याचा नंबर वाढू नये यासाठी त्यांनी रोज उघड्यावर खेळायलाच हवं.)

अंतराचा हिशोब सोपा आहे. पडद्याचा कर्ण गुणिले दीड. ६५ इंचासाठी सोफा साधारण आठ फुटांवर हवा. आधी टेपने खोली मोजा, मग दुकानात जा.

आता पैशांचं. ६/६ नजर असलेल्या माणसालाही ६५ इंची फोर-के पडद्यावरचे ठिपके साधारण सव्वाचार फुटांच्या पलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. तुम्ही बसणार आठ फुटांवर. मग एट-केसाठी जास्तीचे पैसे मोजून तो फरक बघणार कोणत्या डोळ्यांनी? पन्नाशी उलटली असेल तर टीव्हीच्या आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर लाखाचा पडदाही धुरकटच दिसतो.

रात्री दिवे मंद करून सिनेमे बघणाऱ्यांनी खुशाल ओएलईडी घ्यावा, त्यातला काळा रंग खरोखर काळा असतो. हॉलमध्ये दिवसभर ऊन येत असेल तर जास्त उजळ असा मिनी-एलईडी बरा. पण मिट्ट काळोखात बघू नका, पडद्यामागे एक मंद दिवा असू द्या. शोरूममधला भडक 'व्हिविड' मोड घरी आल्याबरोबर बदलून 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड लावा. निळा प्रकाश रोखणाऱ्या खास चष्म्यावर मात्र खर्च करू नका. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात याला पुरावा नाही.

गेम खेळणार असाल तर १२० हर्ट्झ आणि 'गेम मोड' बघून घ्या, बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल लगेच दिसते. मोठ्या पडद्याच्या अगदी जवळ बसून खेळताना काहींना मळमळतं, त्यांनी मागे सरकावं. घरात कुणाला फिट्स येत असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. असं लुकलुकणं सुरू झालं आणि अस्वस्थ वाटलं तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटून भागत नाही.

माझा खरा राग आहे तो टीव्ही टांगण्याच्या उंचीवर. बसवायला आलेला माणूस उभा असतो, तुम्हीही उभे असता, आणि "इथे छान दिसतोय" म्हणून तिथेच भोकं पाडली जातात. बघायचं मात्र बसून असतं! मग तीन तासांच्या सिनेमात मान मागे झुकलेली राहते. वर बघताना पापण्या जास्त उघडतात, त्यात आपण टक लावून बघतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मानदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी उशीबरोबर टीव्हीची उंचीही विचारतो. सोफ्यावर बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य तिथे किंवा किंचित खाली हवा. म्हणजे ६५ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येते. "फारच खाली वाटतं," असं घरचे म्हणतील. म्हणू द्या. आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आडवं पडून बघू नका, काचेच्या वाचायच्या भागातून पडदा अंधूक दिसतो.

टीव्ही खाली आला की तो लहान मुलांच्या हातालाही येतो. ड्रॉवरवर पाय देऊन चढणाऱ्या मुलाच्या अंगावर वीस-बावीस किलोचा टीव्ही पडला तर डोक्याला गंभीर इजा होते, जीवही जाऊ शकतो. तेव्हा युनिटवर ठेवलेला टीव्ही मागून पट्ट्याने भिंतीला पक्का बांधून घ्या, बसवणारा माणूस घरातून जायच्या आधीच.