नेहमीचं गिऱ्हाईक



“गिऱ्हाईक नेहमीचं आहे, सांभाळून घे.” डान्सबारमध्ये नाचलेल्या बायांशी बोलताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. बार लहान असो की मोठा, वाक्य तेच. सांगणारा मात्र बदलतो.

लहान बारमध्ये ते मालक स्वतः सांगतो. दहाबारा टेबलं, मधे नाचायला जेमतेम जागा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो नावाने ओळखतो, टेबल राखून ठेवतो, प्रसंगी उधारीही देतो. त्याचा धंदा पाचपंचवीस माणसांवर चालतो, त्यातलं एक रुसलं तर गल्ल्याला खड्डा पडतो. म्हणून गिऱ्हाइकाने हात धरला, बार सुटल्यावर रिक्षामागे आलं, तरी समजूत बाईचीच काढली जाते. या ओळखीचा तिला आधारही असतो. पोराच्या फीला पैसे कमी पडले तर हाच माणूस देतो. पण मग त्याला नकार कसा द्यायचा?

मोठ्या बारमध्ये वातानुकूलित दालन, दारात बाउन्सर. तिथे ओळख नावाची नसते, नोटांची असते. जो जास्त उडवतो त्याला पुढचा सोफा आणि सुट्या नोटांची बंडलं हजर. बाउन्सर कुणाला अंगाला हात लावू देत नाही, ही सोय खरी. पण मोठं गिऱ्हाईक आलं की तोच बाउन्सर दुसरीकडे बघतो, असं या बाया सांगतात.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. बाईची कमाई बहुतेक गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांवर, आणि त्यातही मालकाचा वाटा. एकीने नेहमीच्या गिऱ्हाइकाशेजारी बसायला नकार दिला. त्याने तक्रार केली. तिला सांगण्यात आलं, “चार दिवस येऊ नकोस.” चार दिवसांची कमाई तिची बुडाली. तो मात्र त्याच टेबलावर बसून होता.

सरकारनेही गिऱ्हाइकांत असाच भेद केला. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबार बंदी आली तेव्हा युक्तिवाद होता, तरुण बिघडतात, संसार मोडतात. म्हणजे पैसे उडवणारा पुरुष बळी आणि नाचणारी बाई गुन्हेगार! त्याच कायद्याने तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं, जिमखाने आणि सभासदांचे क्लब वगळले. लहान बारमधलं गिऱ्हाईक नाच बघून बिघडतं आणि बड्या हॉटेलातलं गिऱ्हाईक संस्कृती व पर्यटनाला हातभार लावतं, असा त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जागा बदलली म्हणून नाचाची नीती बदलत नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. तोवर हजारो बायांचं काम गेलं होतं. काहीजणी ऑर्केस्ट्रा बारमध्ये गायिका किंवा वेटर म्हणून गेल्या, काहींना तेही मिळालं नाही.

त्या वेळी आपल्या चळवळीतही दोन तट पडले. काही संघटना बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या. नारी अत्याचार विरोधी मंचासारख्या संघटनांनी विरोध केला आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राबरोबर पन्नास बारमधल्या पाचशे बायांना भेटून त्यांचं म्हणणं नोंदवलं. नाच चांगला की वाईट यावर आपण तावातावाने बोललो. ‘नाही’ म्हटल्यावर तिची रोजी जाते, यावर फारच कमी बोललो.

२०१६ च्या नव्या कायद्यातल्या कित्येक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द केल्या. नोटा उधळण्यावरची मनाई राहिली, हातात बक्षिसी द्यायला मुभा मिळाली. नोटा पायदळी पडत नाहीत, हे बरंच झालं. पण बक्षिसी हातात आली तरी ती देणाऱ्याची मर्जी तशीच राहते.

म्हणून आपण बारकडे कामाची जागा म्हणून बघायला हवं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकावर जबाबदारी टाकतो, ती कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून संरक्षण देण्याचीही. गिऱ्हाईक त्यात आलंच. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. म्हणजे लहान बारमधली बाईही वाऱ्यावर नाही, निदान कागदावर तरी. ही समिती कुठे बसते, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? मग रात्री दोनला घरी परतणाऱ्या बाईला ते कोण सांगणार?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीचा पत्ता शोधावा आणि तो बारमध्ये, हॉटेलात, खानावळीत काम करणाऱ्या बायांपर्यंत पोचवावा. आणि त्यांना सभेला बोलवावं ते उपदेश करायला नव्हे, तर मागण्या त्यांच्या तोंडून ऐकायला. रात्री घरी पोचवायची गाडी, हिशेबाची लेखी नोंद, नकार दिला म्हणून काम न जाण्याची हमी, या मागण्या त्यांच्याच बोलण्यातून आल्या आहेत.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांभाळणारे पुष्कळ आहेत. तुमच्या गटात याविषयी काय बोलणं होतं, ते जरूर लिहा.