खऱ्या वचनाला खोट्याचा टेकू कशाला?

गेल्या आठवड्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मोबाईलवर मजकूर पाठवला. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर अजान ऐकली आणि परत येऊन इस्लाम स्वीकारला! मी कळवले, "बाळ, हे खोटे आहे." उत्तर आले, "सर, आपल्या धर्माचीच बाजू आहे ना? मग काय बिघडले?"

काय बिघडले तेच सांगतो.

ही कथा जुनी आहे. 1983 मध्येच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आर्मस्ट्राँग यांच्या वतीने तिचा इन्कार केला होता. 2012 मध्ये ते वारले, कथा मात्र अजून जिवंत आहे. चंद्रावर हवाच नाही, तर आवाज ऐकू कसा येणार, हे शाळकरी मुलालाही कळते.

अल्लाहपेक्षा अधिक सत्यवचनी कोण, असा प्रश्न सूरह अन्-निसाच्या 122व्या आयतीत आहे. आपण त्यावर मान डोलावतो आणि त्याच वचनाला खोट्या गोष्टीचा टेकू लावतो. टेकू पडक्या भिंतीला लावतात, मित्रांनो. ज्याला कुरआन खरा वाटतो, त्याला आर्मस्ट्राँगची साक्ष कशाला हवी? हा धर्माचा प्रचार नव्हे, आपल्याच ईमानच्या कच्चेपणाची ती कबुली आहे.

कोणी म्हणेल, "आमच्याविरुद्ध केवढे खोटे पसरवले जाते!" खरे आहे. 2 जून 2014 रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख हा तरुण अभियंता जिवानिशी गेला. फेसबुकवरच्या ज्या मजकुरावरून जमाव पेटला होता, त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण खोट्याला जात-धर्म नसतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. ती अफवा पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण गावाचे भलेच करतो आहोत असे वाटत असणार. माझ्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटले होते.

म्हणूनच सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आज्ञा आहे की, भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. बातमी आपल्या सोयीची असेल तर शहानिशा नको, अशी सवलत तिथे दिलेली नाही. उलट, कुणाच्या वैरापायी न्याय सोडू नका, असे सूरह अल्-माइदा बजावते. आपल्याविरुद्ध कुणी खोटे बोलले म्हणून आपल्याला खोटे बोलण्याचा परवाना मिळत नाही.

आमच्या बिद्रीला साखर कारखाना आहे. उसाची गाडी आली की आधी काट्यावर जाते आणि रिकामी झाल्यावर पुन्हा काट्यावर येते. वजन केल्याशिवाय ऊस द्यायला एकही शेतकरी तयार होणार नाही. उसासाठी दोनदा काटा, आणि ज्या शब्दाने माणूस मरू शकतो त्याला एकदाही नाही?

त्या विद्यार्थ्याने रात्री तो मजकूर काढून टाकला आणि ज्यांना पाठवला होता त्यांना कळवले, "मी पाठवलेले खोटे होते." माझ्या लेखी त्याने त्या दिवशी दीनची खरी सेवा केली.

अल्लाह आपणा सर्वांना खरे बोलण्याचे आणि चूक कबूल करण्याचे बळ देवो. आमीन.