उशिराचा भोपळा

परीक्षेतल्या भोपळ्याला विद्यार्थी जितके भितात, तितकेच परसातल्या भोपळ्याला विसरतात. मृगाच्या पावसात बी टोकावयाचे राहून गेले की, "आता यंदा काही नाही," असे म्हणून आपण ती जागा गवताला सोडून देतो. हे म्हणणे मला पटत नाही. आमच्या कोंकणी घरात ज्याला दुदी म्हणतात, त्या तांबड्या भोपळ्याची बाजू आज मला मांडावयाची आहे.

भोपळा आणि निपाणीच्या काळ्या रानातली तंबाखू, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. तंबाखूची लावण पावसाळा अर्धा सरल्यावर होते. पण तिला कोणी उशिराचे पीक म्हणत नाही. उशीर हा पंचांगावरून ठरत नाही. पिकाला किती दिवस हवेत, यावरून ठरतो. भोपळ्याला पेरणीपासून फळ पक्के होईपर्यंत सुमारे ११० ते १२० दिवस लागतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बी लावले, तर संक्रांतीच्या मागेपुढे फळ हाती येते. शिवाय मुसळधार पावसात फुले कुजतात, मधमाश्या बाहेर पडत नाहीत. पाऊस ओसरल्यावर ही अडचण राहत नाही. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की मादीफुलांचे प्रमाणही वाढते.

मात्र उशिराला हिशेब लागतो. एका वर्षी मी नोव्हेंबरात बी लावले. वेल फुलला, फळेही धरली; पण थंडीत ती मुठीएवढी होऊन थांबली आणि पानांवर भुरी पसरली. लोभाने मी एकही फळ खुडले नव्हते; त्यामुळे एकही पिकले नाही. दोष ऋतूचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून मी बी रात्रभर भिजवतो, आळ्यात शेणखत भरतो आणि पाऊस थांबताच पाणी देऊ लागतो. मादीफुलाच्या बुडाशी इवले फळ असते. मधमाश्या दिसल्या नाहीत, तर सकाळीच नरफुलाचा पराग त्याला लावतो, कारण दुपारपर्यंत फूल मिटते. प्रत्येक वेलावर दोनच फळे ठेवून बाकीची खुडतो. हात कचरतो खरा. पण थोड्या दिवसांत सर्वांचे पोषण होत नाही. देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासे झाले की बोटभर देठ ठेवून फळ काढावे. असा भोपळा हवेशीर जागी कित्येक महिने टिकतो.

हे सर्व लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे काही मुले आहेत. आईबाप ऊसतोडणीला गेल्यामुळे अथवा घरच्या आजारपणामुळे ती वर्गात उशिरा येतात. त्यांना "वर्ष गेले" असे सांगणे सोपे आहे. जूनपासूनचा सगळा अभ्यास एकदम त्यांच्या डोक्यावर लादणे त्याहून सोपे. दोन्ही चूक आहेत. उरलेले दिवस मोजावेत, जे शिकल्यावाचून पुढचे अडते तेवढेच आधी निवडावे आणि तिकडे रोज लक्ष पुरवावे, असे माझे नम्र मत आहे. आळसाला मात्र यातून सवलत नाही. उशिराच्या वेलाला एक दिवसाचे पाणीही चुकवून चालत नाही.

येत्या सप्टेंबरात शाळेच्या आवारातल्या मोकळ्या जागेत आपण भोपळा लावू. दिवस मोजण्याची वही मी उशिरा आलेल्या मुलांच्याच हाती देणार आहे.