सोळा वर्षांची सीमारेषा आणि संशोधनाची साक्ष

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब आदी समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या या कायद्यात मुलांना वा पालकांना शिक्षा नाही. वाजवी उपाय न योजणाऱ्या कंपन्यांना मात्र ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांच्या भावनिक विकासाविषयीचे संशोधन या सीमारेषेला कितपत आधार देते, हा कळीचा प्रश्न आहे.

अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ मधील ‘द अँक्शस जनरेशन’ या ग्रंथात किशोरवयीनांतील वाढत्या नैराश्याचे खापर स्मार्टफोनभोवती गुंफलेल्या बालपणावर फोडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मधील परीक्षणात, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, असा आक्षेप घेतला. त्याआधी, २०१९ मध्ये, एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी ब्रिटन व अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली होती. मनःस्वास्थ्यातील तफावतीचा जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी निगडित आढळला. बटाटे खाण्याशी असलेला संबंधही जवळपास तेवढाच निघाला.

याचा अर्थ पालकांची चिंता निराधार आहे, असा नव्हे. सरासरीत एकेकटे मूल हरवते. ऑर्बेन यांच्याच २०२२ मधील ब्रिटिश अभ्यासात वयाचे काही हळवे टप्पे समोर आले: मुलींत ११ ते १३, मुलांत १४ ते १५ आणि दोघांतही १९ च्या सुमारास. या वयात वापर जास्त असेल, तर वर्षभराने जीवनाविषयीचे समाधान घटलेले दिसले. उलट दिशेचा संबंधही आढळला. असमाधानी मुले पुढे समाजमाध्यमांकडे अधिक वळत होती.

या निष्कर्षांच्या प्रकाशात कायद्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पहिले दोन टप्पे सोळाच्या आत येतात. तिसरा बाहेर राहतो. खाते नसतानाही यूट्यूब पाहता येतेच. शिवाय आधीच खिन्न असलेल्या मुलाचे खाते बंद केल्याने खिन्नतेचे मूळ कारण दूर होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला सवलत असल्याने सिडनी-मेलबर्नमधील मराठी घरांतून आजी-आजोबांशी होणारा संवाद अबाधित राहील. परंतु दोन भाषा व दोन संस्कृतींमध्ये वाढणाऱ्या मुलाला शाळेत समदुःखी न मिळाल्यास तो कोठे शोधावा, याचे उत्तर कायदा देत नाही. ते घरालाच द्यावे लागेल.

कायद्याचे दोन वर्षांत स्वतंत्र पुनरावलोकन बंधनकारक आहे. त्यात बंद झालेल्या खात्यांची मोजदाद पुरेशी ठरणार नाही. मुलांची झोप, मैत्री आणि संकटात मोठ्यांकडे येण्याची तयारी यांत फरक पडला का, हीच खरी कसोटी असेल.