नव्या आवृत्तीकडे आपण काय मागावे?



अमरावती-अकोल्याकडे लग्नाचे, वाढदिवसाचे किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण आता घरचीच मंडळी मोबाइलवर करतात आणि घरच्याच संगणकावर त्याची काटछाट करतात. या कामाला संकलन म्हणतात, आणि ते करणाऱ्या आज्ञावल्या म्हणजे केडेनलाइव्ह, ओपनशॉट, शॉटकट यांसारखी सॉफ्टवेअर. त्यांपैकी एखाद्याची नवी आवृत्ती येणार असे कळले, की वापरणारे आपापल्या अपेक्षा सांगू लागतात. काम वेगाने व्हावे, जुन्या संगणकावर अडकू नये, दृश्य बदलण्याचे नवनवे प्रकार मिळावेत, या त्यांतल्या नेहमीच्या अपेक्षा. त्या रास्तच आहेत. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या यादीच्या अग्रभागी आणखी एक मागणी घालावी, असे मला वाटते. ती अशी : आज्ञावलीने चित्रावर जे काही केले असेल, ते तिने स्पष्ट सांगितले पाहिजे.

चौकटींचे घड्याळ

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशा प्रत्येक चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चौकटी टिपतो. म्हणजे दोन चौकटींमधले अंतर १/३० सेकंद. प्रयोगशाळेतले महाग घड्याळ नसले तरी हे घड्याळ तुमच्या खिशात आहे.

आता एक प्रयोग करा. १२२.५ सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, तेव्हा त्याचे पडणे १५ चौकटींत टिपले जाईल. हेच चित्रण संकलनासाठी घेतले आणि तेथील वेग सेकंदाला २५ चौकटी असा ठरलेला असला, तर काय होईल? आज्ञावली दर ६ चौकटींतली १ गाळून टाकील आणि चेंडूचे पडणे १२ किंवा १३ चौकटींत उरेल. पडद्यावर पाहताना कोणाला काही जाणवणार नाही. पण तुम्ही त्या चौकटी मोजून १/३० ने गुणल्या, तर गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य ९.८ ऐवजी १३ ते १५ मीटर प्रति सेकंद वर्ग येईल! चेंडू तोच, पृथ्वी तीच. चूक मधल्या मध्ये शिरली. काही आज्ञावल्या काम सुरू करताना वेगाविषयी विचारतात हे खरे, पण मूळ चित्रण ३० चौकटींचे होते याची खूण तयार चित्रफितीत सहसा उरत नाही. त्यातच कमी प्रकाशात बरेच मोबाइल चौकटींचा वेग स्वतःहूनच कमीजास्त करतात.

हवेतच उसळलेला चेंडू

चौकट गाळण्यापेक्षा नसलेली चौकट निर्माण करणे अधिक गंभीर आहे. दृश्य संथ दाखवायचे, तर दोन चौकटींमध्ये नव्या चौकटी लागतात. कॅमेऱ्याने तर त्या टिपलेल्या नसतात. मग आज्ञावली आधीची आणि नंतरची चौकट पाहून मधली स्थिती अंदाजाने रेखाटते. हल्ली या कामी कृत्रिम बुद्धिमत्ताही वापरली जाते व अंदाज इतका सफाईदार असतो, की खरी चौकट कोणती आणि कल्पित कोणती हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

आपल्या चेंडूकडेच पाहा. जमिनीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर असतो, म्हणजे १/३० सेकंदात तो जवळजवळ १६ सेंटिमीटर जातो. समजा, एका चौकटीत तो जमिनीपासून ८ सेंटिमीटरवर खाली येताना टिपला गेला, आणि पुढच्या चौकटीत आपटून पुन्हा जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आलेला. या दोन चौकटींची सरासरी काढणाऱ्या आज्ञावलीला मध्ये चेंडू कोठे दिसेल? ८ सेंटिमीटरच्याच आसपास! तिच्या संथ चित्रफितीत चेंडू जमिनीला शिवणारच नाही. हवेतच उसळून परत जाईल. असे चित्र वर्गात दाखवले, तर विद्यार्थ्याने डोळ्यांवर विश्वास ठेवावा की न्यूटनच्या नियमांवर?

म्हणून माझे मत असे, की कल्पित चौकटीच्या कोपऱ्यात तशी खूण असावी. हवी तेव्हा ती दाखवता यावी व नको तेव्हा लपवता यावी. लग्नाच्या चित्रफितीत कोणी ती खुशाल लपवावी. मात्र नोंद पुसली जाऊ नये. हे अशक्य नाही. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये सी२पीए नावाची संघटना स्थापन केली, ती चित्र कोठून आले आणि त्यात कोणते बदल झाले याची नोंद चित्राबरोबरच ठेवण्यासाठी. आपली मागणी एक पाऊल पुढची आहे. ही नोंद चौकटीगणिक दिसावी.

कोणी म्हणेल, मोजमापासाठी ट्रॅकर नावाची मोफत आज्ञावली आहे, तीच वापरा. जरूर वापरावी, भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तर अवश्य. परंतु ट्रॅकरकडे पोहोचण्याआधी चित्रण बहुधा संकलनातूनच जाते. आत गेलेली चौकटच बदललेली असेल, तर मोजणारा कितीही काटेकोर असला तरी उपयोग काय?

अंकुराला लागलेला वेळ

चलच्चित्र आणि विज्ञान यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत केली होती. तीच युक्ती तुम्ही आपल्या वऱ्हाडच्या कपाशीवर करू शकता. सरकी पेरा आणि मोबाइल तिवईवर घट्ट बसवून दर १० मिनिटांनी एक चित्र घ्या. दिवसाची चित्रे १४४, सात दिवसांची १००८. सेकंदाला २५ या वेगाने ती ४० सेकंदांत संपतील. या चित्रफितीतला एक सेकंद म्हणजे शेतातले ४ तास १० मिनिटे. हे गुणोत्तर चित्रावर नसेल तर ती करमणूक झाली. असेल तर तो प्रयोग झाला. दोन चित्रांमधले अंतर एकदा सांगितले, की पुढचा हिशेब करून पडद्यावर खरी वेळ उमटवण्याचे काम नव्या आवृत्तीने करावे.

आणि चित्रावरची पाटी मराठीत नीट उमटावी, हीही मागणी लहान समजू नका. नवी आवृत्ती हाती आली, की तिच्यात प्रथम ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहून पाहा. ‘ऱ’ आणि ‘ह’ यांची जोडणी फुटते का, तिच्या जागी रफार येतो का, ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते का, हे तपासा. आपल्या प्रदेशाचे नावसुद्धा धड लिहिता येत नसेल, तर ती आवृत्ती आपल्यासाठी पुरी झालेली नाही.

मागणी कशी करावी?

विंडोज मूव्ही मेकर २००० मध्ये आले आणि अनेकांचा हात त्यावर बसला. जानेवारी २०१७ मध्ये त्याचा आधार कंपनीने काढून घेतला. वापरणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नाही. खुल्या आज्ञावल्यांची गोष्ट वेगळी आहे. एकाच प्रकल्पात अनेक कालरेषा असाव्यात, ही केडेनलाइव्ह वापरणाऱ्यांची जुनी मागणी होती. २०२२ मध्ये त्या कामांसाठी लोकांकडून निधी गोळा झाला आणि एप्रिल २०२३ च्या आवृत्तीत ती सोय आली.

तेव्हा, शिक्षक बंधुभगिनींनो, या सत्रात एक उपक्रम घ्या. विद्यार्थ्यांना चेंडूचे चित्रण करू द्या, ते संकलनातून बाहेर काढू द्या, दोन्हींतल्या चौकटी मोजू द्या. मूळ चौकटी किती, बाहेर पडल्या किती, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, हे प्रयोगवहीत लिहितो तसे लिहा आणि तिच्या कर्त्यांना कळवा. ‘काहीतरी बिघडले आहे’ या तक्रारीचा कर्त्यांना फारसा उपयोग नसतो. ‘१५ चौकटी आत गेल्या, १२ बाहेर आल्या’ हे वाक्य मात्र त्यांना स्वतः करून पाहता येते.